कृतिसंशोधन: उपाय ठरवण्याआधी मुलांच्या वह्या वाचा

प्रश्न असा आहे. मुंबई महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला यंदा कृतिसंशोधन करून, म्हणजे स्वतःच्याच वर्गातली एक अडचण अभ्यासून, तिच्यावर उपाय करून आणि त्याचा परिणाम तपासून, अहवाल द्यायचा आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांची हातच्याची वजाबाकी चुकते, म्हणून तोच विषय घ्यावा असं त्यांच्या मनात आहे. बी.एड.ला केलेल्या कृतिसंशोधनातून फाइलपलीकडे फारसं काही हाती लागलं नव्हतं. याने शिकवणं खरंच सुधारतं का, आणि मुख्याध्यापिका म्हणतात तसं सगळ्या शाळेने मिळून काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, सुधारतं. प्राथमिक शाळेत शिकवताना आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करताना मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. पण आपल्याकडे ते ज्या पद्धतीने करून घेतलं जातं, त्या पद्धतीने क्वचितच सुधारतं. त्यामागचं मुख्य कारण माझ्या मते एकच आहे: आपण उपाय आधी ठरवतो. विषय सुचतो त्याच क्षणी ‘खेळातून गणित’, ‘गटकार्य’, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर’ यांपैकी एक उपायही सुचतो. मग पूर्वचाचणी, दहा-पंधरा दिवस उपक्रम, उत्तरचाचणी, सरासरी वाढली, निष्कर्ष: उपक्रम परिणामकारक. मुलं नेमकं काय चुकत होती हे यात कुणी पाहिलेलंच नसतं. कारणमीमांसेच्या मथळ्याखाली ‘पालकांचं दुर्लक्ष’, ‘सरावाचा अभाव’, ‘अनियमित उपस्थिती’ असे ठरलेले मुद्दे येतात. ते खोटे असतात असं नाही. पण ते कुठल्याही वर्गाला आणि कुठल्याही विषयाला लागू पडतात, त्यामुळे उद्या सकाळी वर्गात काय वेगळं करायचं हे त्यांवरून कळत नाही.

तुमचाच विषय घेऊ. ५२ − २७ हे गणित तुम्ही दिलं आणि दोन मुलांनी ३५ असं उत्तर लिहिलं. दोघांचं उत्तर चूक, दोघांना शून्य गुण, दोघं मागे पडलेल्यांच्या एकाच उपचारात्मक गटात. आता ही ३५ कशी आली ते पाहू. पहिल्या मुलाने एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले, ५ लिहिले. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. दुसऱ्याने हातचा बरोबर घेतला, १२ मधून ७ वजा करून ५ लिहिले, पण दशकातला एक कमी करायला विसरला आणि ५ मधून २ वजा करून ३ लिहिले. उत्तर तेच. मुलांच्या डोक्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. पहिल्याला ५२ ही एक संख्या आहे हेच धरता आलेलं नाही. त्याच्या दृष्टीने तिथे ५ आणि २ असे दोन सुटे आकडे आहेत. दुसऱ्याला दशक सुटा करण्याची कल्पना समजली आहे, नोंद ठेवताना तो घसरतो. या दोघांना एकाच उपक्रमाला बसवलं तर एकाचा वेळ वाया जाणार हे नक्की.

म्हणून निदानासाठी गणितं निवडताना आकडे विचार करून घ्यावे लागतात. ५२ − २७ ऐवजी ५३ − २७ द्या. आता पहिल्या प्रकारची चूक करणाऱ्याचं उत्तर ३४ येईल, दुसऱ्याचं ३६. तसंच ८४ − ५६ मध्ये ३२ आणि ३८ असे दोघं वेगळे पडतील. ७० − ३८ जरूर द्या. शून्यातून आठ जात नाहीत म्हणून तिथे शून्यच लिहून ४० उत्तर काढणारी मुलं असतात, आणि ती आणखी निराळी. ५०३ − १२७ द्या. मधल्या शून्याचे दहा केले पण त्यातला एक पुढे एककाला दिला हे विसरलं की ३७६ च्या जागी ३८६ येतं. आणि ६८ − २५ सारखं हातचा न लागणारं एक गणित मध्येच टाका, कारण हातच्याचा सराव फार झालेली काही मुलं गरज नसतानाही हातचा घेतात. अशी पाच-सहा गणितं पुरेत. तीस गणितांच्या चाचणीतून गुण मिळतात, पण मूल कुठे अडलं ते या पाच-सहांतून जास्त चांगलं दिसतं.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि तेच सर्रास वगळलं जातं: मुलाशेजारी बसून ‘हे कसं केलंस ते मला बोलून दाखव’ असं विचारणं. आपल्या मुलांना इतकी सवय लागलेली असते की बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं, आणि पहिला हात खोडरबराकडे जातो. त्यामुळे बरोबर सोडवलेल्या गणितांबद्दलही विचारा. ‘खोडायचं नाही, बाजूला परत लिही’ असं आधीच सांगा. मूल बोलत असताना दुरुस्त करण्याचा मोह आवरा. ते फार कठीण जातं, पण मध्येच दुरुस्त केलं की पुढचं ऐकायला मिळत नाही. सगळ्या वर्गाशी असं बोलणं होणार नाही, त्याची गरजही नाही. उत्तरांवरून मुलांचे गट पडले की प्रत्येक गटातल्या दोन-तीन मुलांशी बोललात तरी चित्र स्पष्ट होतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलांच्या गणित-विज्ञानातल्या कल्पनांचा अभ्यास वर्षानुवर्षं होत आला आहे. तिथल्या कामातून किंवा अशा कुठल्याही गंभीर कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते: मुलाच्या चुकीमागे बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा एक नियम असतो, आणि तो नियम ते इमानेइतबारे पाळत असतं.

हा नियम येतो कुठून? पुष्कळदा आपल्याकडूनच. ‘लहानातून मोठं वजा होत नाही’ हे वाक्य दुसरी-तिसरीच्या वर्गांतून रोज ऐकू येतं. मूल ते मनावर घेतं आणि २ खाली ७ दिसले की मोठ्यातून लहान वजा करून टाकतं. त्याने आपलं म्हणणं पाळलेलं असतं. कृतिसंशोधनाचं खरं बळ इथे आहे. संशोधक बाहेरून आलेला नसतो. ज्या कृतीचा शोध घ्यायचा ती आपलीच असते आणि ती बदलण्याचा अधिकारही आपलाच. ‘विद्यार्थ्यांच्या वजाबाकीतील चुका’ असा विषय लिहिला की सगळा प्रकाश मुलांवर पडतो. ‘मी हातचा ज्या शब्दांत आणि ज्या क्रमाने शिकवते त्यात काय बदल केल्याने मुलांना दशक सुटा करणं समजेल?’ असा प्रश्न लिहा. अहवालाच्या पहिल्या पानावर शीर्षक हवं तसं द्या, पण तुमच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाची तयारी लिहिता त्या वहीत, प्रश्न असाच असू द्या.

उपाय आता सुचू लागतो, आणि प्रत्येक गटासाठी वेगळा सुचतो. पहिल्या गटाला कागदावरची मांडणी काही दिवस बाजूला ठेवून पैसे हातात द्या. दहाच्या पाच नोटा, रुपयाची तीन नाणी, आणि सत्तावीस रुपये द्यायचे आहेत. आपल्या मुलांना सुट्ट्या पैशांचा व्यवहार पाठ असतो. बसमध्ये, वाण्याकडे, वडापावच्या गाडीवर ती रोज तो करतात किंवा पाहतात. एक नोट मोडून दहा नाणी घ्यावी लागतात हे त्यांना सांगावं लागत नाही. पण इथे थांबू नका. प्रत्येक हालचाल झाली की तीच लगेच कागदावर लिहायची, नोट मोडली की ५ कापून ४, एककात १३. वस्तू आणि लेखन यांची ही जोडणी राहून जाते आणि मग साहित्य वापरूनही फरक पडत नाही, अशी तक्रार येते. दुसऱ्या गटाला नोटांची गरज नाही. त्यांना उत्तराचा ताळा करायला लावा: ३६ आणि २७ मिळवले तर ६३ होतात, आपण तर ५३ पासून निघालो होतो. चूक स्वतःला सापडली की नोंद नीट ठेवण्याची सवय लवकर लागते. शून्यात अडणाऱ्यांसाठी शंभराची नोट मोडण्यापासून सुरुवात करावी लागेल.

फरक पडला की नाही हे कसं ठरवायचं, याबद्दल थोडं कठोर बोलते. चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडली आणि काहीही न करता पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, तरी त्या गटाची सरासरी थोडी वर सरकते. कारण त्यातल्या काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. शिवाय तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली तर ती ओळखीची झालेली असते, आणि वर्गात दरम्यान नेहमीचं शिकवणंही चालूच असतं. ‘सरासरी वाढली’ या वाक्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. दोन सरासऱ्यांमधला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारं टी-मूल्य दहा-बारा मुलांवर काढून तो बसणारही नाही. त्यापेक्षा एक तक्ता करा. प्रत्येक मुलाची एक ओळ: आधी कोणत्या प्रकारची चूक होती, नंतर ती गेली का, तिच्या जागी दुसरी आली का. नंतरच्या गणितांत आकडे बदला, काही आडव्या मांडणीत द्या, एक-दोन शाब्दिक उदाहरणं द्या. ‘एका मुलीने ५३ − २७ चं उत्तर ३४ काढलं, तिला समजावून सांग’ असा प्रश्न विचारा. यात जे मूल बोलू शकतं त्याला समजलं आहे, यात शंका नाही. आणि तिसरी, छोटी तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. सुट्टीनंतरही टिकलं ते शिकलं.

एक सोबती लागतो. शेजारच्या वर्गाच्या बाई किंवा सर, जे आठवड्यातून एकदा तुमच्या तक्त्यावर नजर टाकतील आणि ‘हे कशावरून म्हणता?’ असं विचारतील. स्तुती करणारा सोबती इथे कामाचा नाही. जमलं तर त्यांना एका तासाला वर्गात मागे बसवा आणि एकच गोष्ट टिपायला सांगा, उदाहरणार्थ मी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबते. स्वतःच्या शिकवण्याबद्दल आपला अंदाज आणि दुसऱ्याची नोंद यांत किती अंतर असतं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता या कल्पनेच्या मुळाबद्दल, कारण बी.एड.च्या पुस्तकांत नावं पाठ करून घेतली जातात आणि त्यांचं म्हणणं निसटतं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली अमेरिकेतल्या अल्पसंख्याकांच्या प्रश्नांविषयी लिहिताना कृतिसंशोधनाची मांडणी केली: योजना, कृती, कृतीच्या परिणामाचा शोध, आणि त्यावरून पुढची योजना. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळांकडे वळवली. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक, ही भूमिका ठामपणे मांडली. तिघांच्याही विचारात फेरा एकदाच फिरून संपत नाही. आपल्या अहवालांत मात्र तो एकदाच फिरतो आणि ‘शिफारशी’ला थांबतो.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकावं लागलं असंही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे केलं त्याला त्यांनी हे नाव दिलं नसेल. पण मुलं बालवाडीत येत नाहीत हे पाहिल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेणं, गुरं राखायला जाणारी मुलं शाळेबाहेर राहतात हे पाहिल्यावर कुरणावर शाळा भरवणं, हे त्याच जातीचं काम आहे. ‘आदिवासी पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असं लिहून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि बदल शाळेत केला.

मुंबईतच झालेल्या एका वेगळ्या प्रकारच्या अभ्यासाशी याची गल्लत होऊ देऊ नका. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एक ताई वर्गाबाहेर बसवून वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवत असत. मुंबई आणि बडोद्यात या कार्यक्रमाची पाहणी झाली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून निकालांची तुलना केली गेली आणि मुलांची प्रगती दिसून आली. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काम केलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्या अभ्यासाचा प्रश्न होता: हा कार्यक्रम शेकडो वर्गांत चालेल का? तुमचा प्रश्न आहे: माझ्या चौथीत काय अडलं आहे? म्हणून एका गटाला उपाय द्यायचा आणि दुसऱ्याला तुलनेसाठी तसाच ठेवायचा, ही प्रायोगिक गट-नियंत्रित गटाची मांडणी उसनी आणू नका. अर्ध्या वर्गाला मुद्दाम मदतीवाचून ठेवणं मला तर मान्यच नाही.

शाळेच्या पातळीवरचं काम याहून अवघड, पण मुख्याध्यापिका तयार आहेत ही मोठी गोष्ट आहे. पूर्व उपनगरातल्या एका शाळेचं सांगते. सकाळच्या अधिवेशनात सहावी-सातवीची मुलं, विशेषतः मुली, उशिरा येत. शिक्षकांच्या बैठकीत कारण ठरलेलं होतं: पालकांना काळजी नाही. फाटकावर उभं करणं, वहीत शेरे, सगळं करून झालं होतं. मग एवढंच ठरलं की काही दिवस फाटकावर रागवायचं नाही, फक्त वेळ आणि मुलाने सांगितलेलं कारण लिहून घ्यायचं. नोंदी एकत्र वाचल्यावर दिसलं की उशीर वर्गनिहाय नव्हता, वस्तीनिहाय होता. दोन विशिष्ट गल्ल्यांमधल्या मुली, आणि कारण पाणी. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की नळाला पाणी येण्याची वेळ आणि शाळा भरण्याची वेळ एकच आहे. आई कामावर निघालेली असते, मग पाणी भरायचं मोठ्या मुलीने. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सह्यांपलीकडे त्यांना काही विचारलं तर त्या किती सांगू शकतात, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं.

पाण्याची वेळ शाळा बदलू शकत नव्हती. वेळापत्रक बदलू शकत होती. पहिल्या तासाला सर्वत्र गणित होतं, ते तिसऱ्या तासाला नेलं आणि पहिल्या तासात वाचन, चित्रकला, अपुरा अभ्यास असं ठेवलं. फाटकावरची शिक्षा बंद झाली. उशीर त्यानंतरही फारसा कमी झाला नाही. पण त्या मुलींचं गणित बुडणं थांबलं, आणि ‘आता उशीर झालाच आहे तर आज जायलाच नको’ म्हणून घरी राहणं कमी झालं. केवळ उशिराचे आकडे मोजले असते तर हा प्रयत्न फसला असंच लिहावं लागलं असतं. म्हणून काय मोजायचं हे शाळेने मिळून ठरवताना ‘आपल्याला खरं काय हवं आहे’ हा प्रश्न आधी मोकळेपणाने बोलून घ्या. शाळेसाठी प्रश्न एकच निवडा, तोही सगळ्यांना रोज टोचणारा. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून शिक्षकांना जेवढा वेळ उरतो त्यात दोन प्रश्न झेपत नाहीत.

वेळेचं नियोजन मुंबईच्या वर्षाप्रमाणे करा. जूनमध्ये वर्ग बसेपर्यंत काही हाती घेऊ नका. जुलैत निदान आणि मुलांशी बोलणं. उपाय गौरी-गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. कोकणातली मुलं गावी जातात आणि मध्येच खंड पडतो. मुसळधार पावसाच्या सुट्ट्यांसाठी थोडी मोकळीक ठेवा. मुलांशी झालेल्या बोलण्याचे व्हिडिओ शिक्षकांच्या गटावर फिरवू नका आणि अहवालात नावं घालू नका. चौथीतल्या मुलाचं चुकणं ही त्याची खाजगी गोष्ट आहे.

अहवाल ठरलेल्या नमुन्यातच द्यावा लागेल, तो द्या. त्यात तुमच्या मनासारखी दोन पानं बसवा: मुलांच्या वहीतल्या चुकांचे फोटो, नावं झाकून, शेजारी मुलाचं स्पष्टीकरण त्याच्याच शब्दांत, आणि ज्या मुलांना उपायाने फरक पडला नाही त्यांच्या ओळी. तपासणारे नाराज होतील अशी भीती बाळगू नका. ‘तीन मुलांना अजून शतक-दशक-एककच पक्कं नाही, म्हणून पुढच्या सत्रात तिथून सुरुवात करत आहे’ हे वाक्य ज्या अहवालात असतं तो मी पुन्हा वाचते. शिक्षण परिषदेत किंवा विभागाच्या बैठकीत बोलायची संधी मिळाली तर तेच फोटो न्या आणि समोरच्या शिक्षकांना विचारा, ही ३४ कशी आली असेल? तुमच्या तिसरीच्या सहकाऱ्यांना तर ते आधीच दाखवा, कारण पुढच्या वर्षी तुमच्या वर्गात येणारी मुलं आज त्यांच्याकडे आहेत.